चुकलेल्या गुरांचा कोंडवाडा

आमच्याकडे सरहद्द म्हणजे एक ओढा. माणसांना तो ओलांडायला बंदी, पण गुरांना कोण सांगणार? म्हणून दोन्ही सरकारांनी कधीकाळी एक नियम केला होता. पलीकडचं जनावर चुकून आलं तर कोंडवाड्यात घालायचं, लस टोचायची आणि परत पाठवायचं. गेल्या वर्षी तोफा धडाडल्या तेव्हा बाकीचे करार मोडले. हा तेवढा मोडायचा राहून गेला. मी इथली गुरांची सरकारी डॉक्टर, मला तो तोंडपाठ होता.

यंदा पलीकडे गुरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली. व्यापार बंद, त्यामुळे त्यांच्याकडची लस संपलेली. तिकडच्या डॉक्टरला मी लंबू म्हणते. तो ओढ्याकाठी येऊन ओरडला, "बाई, थोडी लस मिळेल का?"

"लस दिली तर मला तुरुंगात टाकतील," मी ओरडले. "गुरं चुकून आली तर मात्र माझा नाइलाज आहे."

गडी हुशार. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा कळप चुकून आमच्या काठावर आला.

मला परोपकाराचा पुळका आला नव्हता. ही साथ ओढा बघून थांबत नाही, आणि आमच्या गोठ्यांत टोचायचं वय न झालेली वासरं होती. साथीत आधी तीच जातात. माझी खरी भीती वेगळीच होती. कोंडवाड्याची राखण माझी वहिनी करते, किल्ली तिच्याकडेच असते, आणि माझा भाऊ गेल्या वर्षी पलीकडून आलेल्या गोळ्यानं गेला.

वहिनी धार काढत होती. मी म्हटलं, "वहिनी, किल्ली दे."

"कोणाची गुरं?"

"तिकडची."

चरवीतला आवाज थांबला. "मागताना जीभ कशी रेटली तुमची, वन्सं? भाऊ होता ना तो तुमचा?"

"होता. म्हणून तर तुझं वासरू जाऊ द्यायचं नाही मला."

ती पुन्हा धार काढू लागली. मी चडफडत एकटीच कोंडवाड्याकडे परतले, तर तिथं सरहद्दीवरच्या चौकीचे साहेब फाटक अडवून उभे.

"एवढी गुरं एकदम चुकली?"

"पुढची चुकली की बाकीची तिच्या मागं जातात, साहेब. माणसांचं काय वेगळं असतं?"

"शत्रूच्या गुरांना आपली लस मिळणार नाही. परत हाकला."

"नियम आहे."

"नियम मला शिकवू नका. उद्या बदली होईल तुमची."

"करा की. पाठवाल तिथंही गुरं असतीलच."

साहेबांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात वहिनी आली. हातात किल्ली होती, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. साहेबांना वाटलं, आपलं माणूस मिळालं.

"ताई, तुम्हीच सांगा यांना," ते म्हणाले. "तुमच्या नवऱ्याला मारलं या लोकांनी. त्याची आठवण ठेवून तरी कुलूप काढू नका."

"मारलं," वहिनी म्हणाली. "मी विसरले नाही, विसरणारही नाही. तो पलीकडचा लंबू दारात आला तर त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही." तिनं साहेबांच्या काखेखालून हात घालून कुलूप काढलं. "पण तोफा सुरू केल्यात तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता कुलूप तसंच ठेवायला माझा नवरा आठवला होय?"

मला रडू आलं आणि रागही आला, भावाचा, साहेबांचा, सगळ्यांचाच. डोळे पुसत मी सुई भरायला घेतली.

"आटपा, वन्सं," ती म्हणाली. तिनं सगळ्यात पुढची गाय शिंगाला धरून फाटकापर्यंत ओढत आणली. साहेब तिथंच उभे होते.

"सरका," ती म्हणाली. "गुरं आत घ्यायचीत."