बारकीचा कान

ताईच्या लॅपटॉपमधल्या झाडून सगळ्या गाण्यांना टॅग लावले होते बारकीने. ताई डीजे, आणि बारकी तिची धाकटी बहीण, नववीतली. टॅग लावायचे म्हणजे कुठलं गाणं कशासाठी, ते दोन शब्दांत लिहून ठेवायचं. बारकीचे शब्दही असे, की वाचणाऱ्याने हसून लोळावं! 'मावश्या उठतात', 'पोरं उड्या मारतात', 'सगळे पाणी प्यायला जातात'. ताई कन्सोलवर उभी राहायची, समोरच्या गर्दीवर एक नजर टाकायची आणि हवा तो टॅग उघडायची. मावश्या उठायच्या म्हणजे उठायच्याच.

बारकीचं काही चुकलं, तर ताई दोन बोटांत तिचा कान धरून पिळायची आणि म्हणायची, "वेडाबाई!" हा मान जगात फक्त बारकीच्या कानाला होता.

मग झिपरी आली.

खरं नाव ठाऊक होतं, पण ते घ्यायला बारकीची जीभच वळत नव्हती. ताईची नवी मैत्रीण, डोळ्यांवर केस, गळ्यात स्वतःचा हेडफोन. आल्याआल्या तिनं घरच्यासारखा फ्रीज उघडला, आईला 'काकू काकू' करून खिशात घातलं, स्वतःची ढीगभर गाणी लॅपटॉपमध्ये ओतली, आणि वर सगळ्या गाण्यांना आपले टॅग चिकटवले. 'वेगवान', 'मध्यम', 'संथ'.

"काय ती कल्पकता!" बारकी आईपाशी फणफणली. "पंख्याची बटणं आहेत का ती?"

"तुझं काय घोडं मारलंय तिनं?"

घोडं मारलं असतं तर चाललं असतं. तिनं ताई पळवली होती.

त्यात एका कार्यक्रमात फजिती झाली. दोन टॅगांमुळे एकच गाणं दोन ठिकाणी दिसत होतं. ताईनं ते एकीकडून लावलं, आणि थोड्या वेळानं दुसरीकडून तेच! लोकांनी अशी हुर्यो केली की विचारू नका.

"बारके, हा गुंता तूच सोडव," ताईनं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. "एका गाण्याला एकच टॅग. जो योग्य असेल तो ठेव, तुझा असो की तिचा. पण प्रत्येक गाणं ऐकून हं, सरसकट नाही!"

बारकीला तर आयतं घबाडच मिळालं. पहिली चार गाणी तिनं इमानेइतबारे ऐकली. चारही 'वेगवान', चारही 'मावश्या उठतात'. पाचवं लावणार, तोच बाहेरच्या खोलीतून ताईचं हसणं आलं. पाठोपाठ झिपरीचं. हसून हसून दोघींना ठसका लागलेला. एवढं काय हसण्यासारखं होतं? आणि तिला का नाही बोलावलं?

स्क्रीनवर एक बटण होतं, एक अख्खा टॅग दुसऱ्यात मिसळून टाकायचं. बारकीनं 'वेगवान' उचलला आणि 'मावश्या उठतात'मध्ये बुडवला. झिपरीचा शब्द एका फटक्यात साफ! 'मध्यम' आणि 'संथ' यांचीही तीच गत केली. छातीतली आग थोडी निवली.

पुढचा कार्यक्रम होता एका शिक्षिकाबाईंच्या निवृत्तीचा. हॉलभर मावश्याच मावश्या. ताईनं विश्वासानं 'मावश्या उठतात' उघडलं, त्यातलं एक गाणं लावलं, आणि स्पीकरमधून असा दणका आला, की पहिल्या रांगेतल्या बाईंचा चष्माच घसरला. झिपरीनं ओतलेल्या गाण्यांपैकी होतं ते, अस्सल धडाडधूम. ताईनं घाईघाईनं दुसरं लावलं. तेही तसलंच. मावश्या उठल्या खऱ्या, पण दाराकडे!

ताईच्या कपाळावर घाम. बारकी धावत कन्सोलपाशी गेली. "ताई, ते शिट्टीनं सुरू होणारं लाव! टॅग बघू नकोस!"

ताईनं शोधून ते लावलं. शिट्टी वाजली, दारातल्या मावश्या थबकल्या, एकीनं दुसरीचा हात ओढला, आणि बघता बघता सगळ्या मधे! त्यानंतर बारकी कानात एकेक गाणं सांगत गेली आणि ताई लावत गेली.

सगळं आटोपल्यावर झिपरीबरोबर वायरी गुंडाळता गुंडाळता ताई म्हणाली, "पण टॅगचा एवढा घोळ झाला कसा?"

बारकी तोंड उघडणार, तोच झिपरी म्हणाली, "माझ्यामुळे गं. ती गाणी मीच भरलेली ना." आणि बारकीकडे बघून तिनं हळूच डोळा मिचकावला. तिला सगळं कळलं होतं!

आता झिपरीला शिव्या बसणार, बारकीला वाटलं. पण ताई खुदकन हसली, दोन बोटांत झिपरीचा कान धरला आणि पिळला.

"वेडाबाई!"

बारकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सोड तिचा कान!" ती किंचाळली. "घोळ मी केलाय! मी एकटीनं! मुद्दाम! तिचा काय संबंध?"

ताई बघतच राहिली. "अगं, मी ऐकून करायला सांगितलं होतं ना?"

"नाही ऐकलं! फक्त चार ऐकली! आता बघतेस काय, पीळ की!"

ताईनं पिळला, चांगला करकचून. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या हातातला झिपरीचा कान काही ताईनं सोडला नाही. "दोघी मिळून बसायचं," ती म्हणाली, "आणि एकेक गाणं ऐकायचं. एक हेडफोन, दोन कान."

"हिच्याबरोबर?" बारकी म्हणाली.

"चालेल की," झिपरी कान सोडवून घेत म्हणाली.

बारकीनं लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनमध्ये वाकून पाहिलं. आधी स्वतःचा कान, मग झिपरीचा. पुन्हा स्वतःचा. आपला जास्त सुजलाय अशी खात्री पटल्यावरच ती म्हणाली, "बरं. बसू."