टवटवीत कोथिंबीर

गिरिजाबाईंच्या परसातली कोथिंबीर म्हणजे सगळ्या गल्लीची कोथिंबीर. विचारायचं नाही, सांगायचं नाही. कुंपणातून हात घालायचा आणि मूठभर खुडून न्यायची. उमरग्याजवळच्या त्या गावात गिरिजाबाईंचा तोरा काय तो एवढाच.

यंदा कोथिंबिरीवर मावा पडला. पानं चिकट झाली, आकसली, आणि शेजारणी बाजारातून जुड्या आणू लागल्या. हे गिरिजाबाईंना फार झोंबलं. राख उधळून झाली, कडुनिंबाचं पाणी शिंपडून झालं, मावा काही हटेना. शेवटी आज सकाळी नवरा रामलिंग शेतावर गेल्यावर त्यांनी तुरीवर मारायचं औषध पाण्यात कालवलं आणि वाफाभर मारलं. त्याला कळलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. नाहीतरी आता कुणी तोडत नाही, असं मनाशी म्हणत त्या बाजाराला गेल्या.

संध्याकाळी येऊन बघतात तर मावा झडलेला, पानं टवटवीत, आणि अर्धा वाफा खुडलेला!

आधी आठवली ती शेजारची शिवांजली, दिवस भरत आलेली पोर. पिशवी टाकून त्या धावल्या. शिवांजली भाकरीवर हिरवी चटणी घेऊन नुकतीच जेवायला बसत होती.

"थांब गं! ती चटणी मला दे. पाहुणे आलेत."

शिवांजली हसली. "काकू, मला एकटीलाच का धरता? लई दिसांनी साफ दिसली, समद्यांनीच नेली की."

आता थापा कुठवर पुरणार? अब्रू गेली चुलीत! गिरिजाबाईंनी तिचं ताट उलथं केलं आणि गल्लीत येऊन ओरडल्या, "कोथिंबीर खाऊ नगा गं! म्या तुरीचं औषध मारलंय तिच्यावर!"

दारं उघडली. बायकांनी जुड्या आणून त्यांच्या पायाशी टाकल्या. कुणी शिव्याही दिल्या. "खाल्ली न्हाय ना?" गिरिजाबाई एकेकीला विचारत होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

एवढ्यात त्यांच्याच घरातला मिक्सर थांबला. शेतावरून परतलेला रामलिंग बोटं चाटत दारात आला.

"कसला कालवा चाललाय? आन् कोथिंबीर लई झ्याक आलीया गं. पैली चटणी संपली, म्हणून दुसरी वाटली."

गिरिजाबाईंना जागचं हलता येईना. मागून आलेली शिवांजलीच आपल्या नवऱ्याला ओरडली, "अहो, गाडी काढा!"