पंडितांची काठी

ज्या शहराने पंडितांना त्यांच्या अभ्यासिकेत ठेचून मारले, त्याच शहराने ती अभ्यासिका पुढे मोठ्या निगुतीने जपली. दारावरचे कुऱ्हाडीचे घाव लांबी भरून बुजवले, वर पॉलिश चढवले. रक्त प्यायलेल्या फळ्या उचकटून नवी फरशी बसवली. पंडितांचा अपराध एवढाच होता, की शहर ज्या विजयस्तंभापुढे माथा टेकवी, तो एका लाजिरवाण्या पराभवानंतर उभारलेला आहे, हे त्यांनी स्तंभावरचाच लेख वाचून सिद्ध केले होते. पुराव्याचे उत्तर पुराव्याने द्यायचे असते, हे जमावाला ठाऊक नव्हते असे नव्हे. जमावात त्यांचे विद्यार्थीच होते.

उद्घाटनाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, पंडितांची मुलगी खोलीत आली आणि काचेच्या पेटीपुढे थबकली. आत चष्मा होता, दौत होती, आणि मुठीखाली चांदीचे कडे असलेली एक काळी काठी. खाली सुबक पाटी: ‘पंडितांची आवडती काठी’.

“ही कुठे मिळाली?”

“पुस्तकांच्या कपाटामागे. हलवलं तेव्हा सापडली,” संग्रहपाल कौतुकाने म्हणाली. तिची ही पहिलीच नोकरी होती. “आमचा नियमच आहे ना ताई, घर तेव्हापासून बंद होतं, म्हणजे आत जे जे सापडेल ते त्यांचंच.”

“बाबांनी जन्मात काठी धरली नाही. फिरायला निघाले की आम्हालाच धाप लागायची.”

“मग कुणाची?”

“मारणाऱ्याची.”

संग्रहपालाचा चेहरा उतरला. मुलगी मात्र पेटीवरची नजर न काढता बोलत राहिली, एखाद्या ग्रंथाची तळटीप वाचावी इतक्या कोरड्या आवाजात. ती तेव्हा कॉलेजात होती. आईने तिला शेजारच्या अडगळीच्या खोलीत कोंडले होते आणि दाराच्या फटीतून तिने सगळे पाहिले. पहिल्या घावाला बाबांचा जबडा निखळला. दुसरा त्यांनी हातांवर झेलला, तेव्हा बोटे वाळक्या काटक्यांसारखी मोडली. त्यानंतर ते पालथे पडले आणि काठी पाठीवर, मानेवर, डोक्यावर पडत राहिली. बाबा हलायचे थांबल्यावरही. काठी धरणारा त्यांच्याच पंगतीला जेवून मोठा झालेला. त्याचे पाठांतर ऐकून बाबांनीच त्याला लाडाने पोपट म्हणायला सुरुवात केली होती.

“पोलिसांना सांगितलं नाही तुम्ही?”

“घसा फुटेस्तोवर. ते म्हणाले, पोर भेदरलीय, तिला काहीही दिसतं. हत्यार सापडत नाही, तर नाव कसं घ्यायचं? कपाट हलवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.”

संग्रहपालाची नजर भिंतीवर गेली. तिथे तिनेच लावलेले जुने छायाचित्र होते: मध्ये पंडित, भोवती विद्यार्थी. कडेला एक ऐटबाज तरुण, हातात काळी काठी, मुठीखाली कडे. त्याचे कपाळ, त्याचे रुंद हसू ती रोज पाहत होती. तोच आता स्मारक समितीचा अध्यक्ष होता, तिचा पगार त्याच्याच सहीने निघत असे.

“अगं बाई,” ती पुटपुटली.

तेवढ्यात अध्यक्ष आले, हसतच. “काय गं, पाहिलंस ना? बाबांचं घर अगदी होतं तस्सं...” त्यांची नजर पेटीवर पडली आणि हसू जागच्या जागी वाळले. “हे काय भंगार मांडलंय? काढा ते. आणि तो फोटोही.”

“सर, पाहुणे दारात...”

“किल्ली!”

त्यांनी ती हिसकावली, पेटी उघडली, काठी उचलली. मुलीने दुसरे टोक धरले. आयुष्यभर तिला जे एकच हवे होते, बाबांचा खून खून म्हणून नोंदला जावा, ते त्या टोकाशी होते.

“सोड. तमाशा करू नकोस.”

“तमाशा तू केलास, पोपट. मी फक्त पाहिला.”

त्यांनी तिला ढकलले. तिचे डोके मेजाच्या कोपऱ्यावर आपटले, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरले. तिने काठी सोडली नाही. सगळा भार टाकून तिने ती खेचून घेतली आणि त्यांच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. दुसरा घाव गुडघ्यावर बसला. अध्यक्ष नव्या फरशीवर कोसळले आणि त्यांनी उरला हात डोक्यावर धरला. तिसरा घाव उगारलेलाच राहिला. दया आली म्हणून नव्हे. मेलेला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, एवढा हिशेब तिला त्या क्षणीही जमला.

बंदोबस्तावरचा फौजदार धावत आला. त्याच्यामागे पाहुण्यांनी दार भरून टाकले.

“काही नाही, काही नाही,” अध्यक्ष कण्हत म्हणाले. “पाय घसरला माझा. तक्रार वगैरे काही नाही.”

“मी मारलंय,” मुलगी म्हणाली. “गुन्हा नोंदवा. कशानं मारलं तेही नोंदवा, आणि ते कुणाचं आहे तेही.”

फौजदाराने पाटी वाचली. “पंडितांची काठी. बरोबर ना, साहेब?”

“बरोबर,” अध्यक्षांनी डोळे मिटून सांगितले.

मुलीने संग्रहपालाकडे पाहिले. ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. मग तिने खिळ्यावरून छायाचित्र उतरवले, फौजदाराच्या हातात दिले आणि कडेच्या तरुणावर बोट ठेवले.

“काठी सरांची आहे. पाटी मी लिहिली. चुकलं माझं.”

“नोकरी गेली तुझी, कळतंय ना?” अध्यक्ष खालून गुरकावले.

“कळतंय, सर.”

फौजदार बराच वेळ त्या चित्राकडे, मग खाली पडलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. अखेर त्याने हात पुढे केला. “बाई, द्या ती काठी इकडे.”

“आधी लिहा,” मुलगी म्हणाली. तिच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होते.

त्याने एकदा दारातल्या गर्दीकडे पाहिले, आणि पेन काढले.