मधला विमानतळ

आईने सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकटीकडे राहायचं, हा तोडगा वडील गेल्यावर भावंडांनी काढला होता. आईला कुणी विचारलं नव्हतं. थोरला चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. धाकटी नऊ हजार किलोमीटरवर, एका मोठ्या दवाखान्यात परिचारिका.

"अकरा तासांचा तर प्रवास, दादा!" ती फोनवर म्हणायची.

अकरा तास नुसते हवेतले. रांगा, तपासण्या, मध्ये विमान बदलायला ताटकळणं, हे कोण धरतो? तिच्या दारात पोचेपर्यंत थोरल्याच्या अंगाचा पार भुगा व्हायचा. आईला सोडायचं, पाठ टेकायची आणि रजा संपायच्या आत उलट पावली परत.

या खेपेला मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाची घोषणा झाली. त्याने आईची चाकाची खुर्ची ढकलायला घेतली, तशी तिने चाकच धरलं.

"मी नाही येत."

"आई, दार बंद करतील."

"करू देत."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तिकडे कुणी काही बोललं का?"

"छे! जावई सोन्यासारखा आहे. पण तिकडे जरा झोप लागू लागली की तू न्यायला हजर. इकडे अंग रुळलं की ती बोलावते. चेंडूसारखी टोलवताय रे मला. दमले मी."

रागाने त्याच्या तोंडाशी बरंच आलं. तिकिटं, रजा, मालकाची मिनतवारी. पण पाय उचलेनात. तो बाकावर बसला आणि त्याला चक्क हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

त्यांची नावं दोनदा पुकारली गेली. दार बंद झालं.

धाकटीला फोन लावला, तर ती कडाडली, "मी खोली रंगवून घेतलीय तिच्यासाठी! तू समजूत नाही घातलीस?"

आईने फोन मागून घेतला. "त्याला बोलू नकोस. तूच ये ना गं. तुझे गुडघे अजून शाबूत आहेत."

धाकटी रडत म्हणाली, "मला एवढी रजा कुठे मिळते, आई?"

"मिळेल तेवढी घे. चार दिवस तर चार दिवस."

थोरल्याने काउंटरवर जाऊन परतीची तिकिटं काढली आणि बायकोला कळवलं. आईच्या खोलीत त्यांच्या लेकीने कालच आपलं टेबल मांडलं होतं.

"या," बायको म्हणाली. "बघू कसं बसतंय ते."

तो परत आला तेव्हा आई खुर्चीतच मान टाकून गाढ झोपली होती. त्याने आपला कोट तिच्या पायांवर घातला आणि शेजारी बसून डोळे मिटले.