गंधकाची सहा भोकं

सुतारकामात माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी परवापर्यंत छातीठोक सांगत होतो.

सूनबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नमुना पाठ जमला तर नोकरीत कायम, नाहीतर घरी. म्हणून अणूंचे लाकडी गोळे करून द्यायचं मी अंगावर घेतलं. मी गोळे कातत असताना तिनं समजावलं, "बाबा, अणूला भोवती आठ इलेक्ट्रॉन लागतात. गोळे जोडणाऱ्या एका काडीत दोन." म्हणजे चार काड्या, चार भोकं. सरळ गणित! पण तिच्या कागदावर गंधकापुढे सहा आणि बोरॉनपुढे तीनच. "काही अणू नियम पाळत नाहीत," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, पोरगी घाबरलीय, काहीतरीच लिहितेय. आणि गुपचूप त्या दोघांनाही चार-चार भोकं पाडली.

पाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर, परीक्षक बाईंच्या शेजारी बसलो. सूनबाईनं पिवळ्या गंधकाला हिरवे फ्लोरीन जोडायला घेतले. चार जोडले. दोन हातातच राहिले. ती गोळा फिरवून फिरवून पाहू लागली. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी वहीत काहीतरी खरडलं.

"थांबा! चूक माझी आहे!" मी पिशवीतलं गिरमिट काढून पुढे धावलो. वर एक, खाली एक, भोकं पाडली. भुसा पहिल्या बाकावर उडाला.

"आधी चारच का पाडली होती?" बाईंनी विचारलं.

"आठाचा नियम!"

"मग आता सहा कशी?"

आली का पंचाईत! "गंधक अंगानं मोठा, बाई. भोवती सहाजण मावतात. बारा इलेक्ट्रॉन झाले तरी त्याचं काही बिघडत नाही. सूनबाई आठवडाभर हेच सांगत होती, मीच हेका सोडला नाही."

"तुमच्या डोक्यात उतरवलं ना तिनं? मग पोरांचं काय घेऊन बसलात! झाली ती कायम. बसा आता खाली."

मी बसतोय तोच सूनबाईनं बोरॉन उचलला. देवा! तीन फ्लोरीन जोडले, आणि माझं चौथं भोक आ वासून सगळ्यांसमोर. मी डोळेच मिटून घेतले.

"मुलांनो, बोरॉन सहा इलेक्ट्रॉनांवरच भागवतो," ती म्हणाली. "ही चौथी जागा रिकामी. कोणी आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन आलं, तर तो इथे सामावून घेतो. तुम्हाला दिसावी म्हणून आमच्या बाबांनी ती मुद्दाम पाडलीय."

मी डोळे उघडले, तर सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघत होता. मला भरून आलं.

"मुद्दामच," मी म्हणालो.