रबियाबींचा डबा

रत्नागिरीहून आणलेला रबियाबींचा औषधांचा डबा आखातातल्या नजमा वस्तीतल्या त्यांच्या अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध होता. कुणाचं डोकं दुखलं की आधी त्यांचंच दार वाजे, आणि त्यांना त्याचा भारी तोरा.

त्याच डब्यातल्या गोळ्या नातीने, शाळकरी हनियाने, एका दुपारी मुद्दाम खाल्ल्या. इस्पितळात नेताना रबियाबींनी मुलाला बजावलं, "तनवीर, शावरमा बाधला म्हणून सांग. पोरीची बदनामी नको."

"नेमकं काय खाल्लंय? त्याशिवाय इलाज कसा ठरवू?" डॉक्टरीण पुन्हापुन्हा विचारत होती. तनवीरचं एकच पालुपद, शावरमा. हनिया डोळे उघडेना.

"खलास कर तुझा शावरमा!" रबियाबी कडाडल्या. त्यांनी पिशवीत दडवलेला डबा काढून डॉक्टरणीपुढे ठेवला आणि मोडक्या हिंदीत सगळं खरं सांगितलं.

पोर वाचली. घरी आल्यावर शेजारीण दारात उभी. "खाला, एक गोळी द्या ना."

"डबा गेला. दवाखान्यात जा. यल्ला, चल नीघ."

दार लावून त्या हनियाच्या उशाशी बसल्या. "बोल आता."

हनिया इंग्रजीतच बोलत राहिली. रबियाबींना अर्धं कळलं नाही, पण आज त्यांनी मधे तोंड घातलं नाही.