को ने ठूनच्या जागी

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता भिवा पाष्टे ब्रह्मी भाषेत बोलायला लागला. ही भाषा त्याला येत नव्हती. तो काय बोलतोय हे चौकातल्या झाडून सगळ्यांना कळत होतं, फक्त त्याला एकट्याला कळत नव्हतं.

भिवा नमनातला, म्हणजे शिमग्याला गावोगाव होणाऱ्या कोकणी खेळातला संकासूर. काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं आणि सरपंचापासून गुरवापर्यंत कुणाचीही टर उडवायची मुभा. तीस वर्षं रत्नागिरीच्या आसपासची गावं त्याला हसत आली होती. म्हणूनच शमा मुकादम त्याच्या घरी आल्या. शमाताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, ब्रह्मदेशात को ने ठून नावाचा एक नकलाकार आहे, जत्रेत सेनापतींची नक्कल केली म्हणून त्याला एकोणीस वर्षांची शिक्षा झालीय. त्याच्या सुटकेसाठी आपण कलाकारांनी चौकात बसायचं.

"नुसती नक्कल केली म्हनून?" भिवानं विचारलं.

"लोक फार हसले म्हणून."

"मग बरी जमली आसनार," भिवा म्हणाला आणि यायला कबूल झाला.

शमाताईंनी चौकाच्या मधोमध खडूनं को ने ठूनच्या कोठडीएवढी चौकट आखली. सहा फूट बाय आठ. एकेका कलाकारानं आत तासभर बसायचं आणि पुढचा आत आल्याशिवाय मागच्यानं बाहेर पडायचं नाही, एवढाच नियम. आदल्या दिवशी तबलजी बसला, कीर्तनकार जोगळेकरबुवा बसले, शमाताई स्वतः बसल्या. त्यांना काही झालं नाही. बसून बसून पाय तेवढे अवघडले.

भिवा आत बसला. सवयीनं समोरच्या गर्दीला म्हणाला, "काय रे, सगळी जेवून आलाव काय?" निदान त्याला तसं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते आखूड आणि गोल होतं, पितळी भांड्यावर चमचा वाजावा तसं. सगळा चौक खो खो हसला.

"मी काय बोललो?" त्यानं विचारलं. तेही तसंच निघालं. लोक पोट धरून खाली बसले.

त्याची बायको वनिता पदर तोंडात कोंबून कडेला उभी होती. "अवो, आसं घरात कदी बोलत नाय तुमी," ती म्हणाली.

भिवानं तोंडावर बोट ठेवलं, मान हलवली, दोन्ही हात पसरले. जोगळेकरबुवांना तो काय विचारतोय ते समजलं. "आता ते कसं सांगायचं?" ते डोळे पुसत म्हणाले. "विनोद पुन्हा सांगितला की मरतो."

सगळ्यात जास्त हसले ते बंदोबस्ताला आलेले हवालदार सावंतदेसाई. हसून झाल्यावर त्यांनी वही काढली आणि लिहायला घेतलं.

"हे काय लिहिताय?" शमाताईंनी विचारलं.

"हसलो ती गोष्ट वेगळी. पण हे बोलणं सेनापतींबद्दल आहे."

"कुठल्या सेनापतींबद्दल?"

"ते आम्हाला कळायचं कारण नाही. वर कळेल."

साडेअकराला पुढची पाळी खेडेकरांची, हौशी नाटकातले जुने नट. त्यांनी पलीकडची रेघ ओलांडली, चार पावलं टाकली आणि अलीकडच्या रेघेतून बाहेर आले.

"मी आत होतो ना?" त्यांनी विचारलं.

"होतात की."

"मग भिवा दिसला कसा नाही?"

"तोही आतच होता."

कुणीतरी शिंप्याकडून टेप आणली. चौकट सहा बाय आठच भरली. भिवा उठून रेघेकडे चालू लागला. तो बराच वेळ चालला. रेघ दिसत होती, रेघेपलीकडे वनिताच्या चपला दिसत होत्या, पण दोन्ही जवळ येईनात. दमून तो खाली बसला, तेव्हा तो मधोमधच होता.

"शिमगा आट दिसांवर आला," वनिता म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तवर भायेर नाय आलाव तर संकासूर कोन होनार?"

भिवानं उत्तर दिलं. लोक हसले. वनिताही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

दुपारी शमाताईंचा फोन वाजला. को ने ठूनची बायको मा सू बोलत होती. शमाताईंनी आवाज मोठा केला. तिचं बोलणंही सगळ्यांना कळलं, फक्त भिवाला नाही. मग शमाताईंनी ते त्याला मराठीत सांगितलं.

"भिवाभाऊ, ती आज सकाळी तुरुंगात भेटीला गेली होती. भेट पंधरा मिनिटांची असते. शेजारी अधिकारी उभा राहतो, प्रत्येक शब्द लिहून घेतो. एरवी तिसऱ्या वाक्याला भेट बंद होते. आज तो पूर्ण पंधरा मिनिटं बोलला. कुठली भाषा ते कुणालाच कळलं नाही. अधिकाऱ्याला एक अक्षर लिहिता आलं नाही."

फोनमधून मा सूनं त्यातलं एक वाक्य जसं ऐकलं तसं म्हणून दाखवलं. अडखळत, एकेक अक्षर सांभाळत.

"अगो, ताक हाय काय वाईच?"

त्या दिवशी भिवाला कळलेलं फोनवरचं ते एकच वाक्य. वनितानं भिवाकडे बोट केलं. "ह्यो तर तुमचाच सूर," ती म्हणाली.

हवालदारांनी आपल्या वहीकडे पाहिलं. चार पानं भरली होती.

भिवाला सगळं नीट समजलं नाही. पण आपण इथून उठलो तर तिकडच्या अधिकाऱ्याची पेन्सिल चालू होईल, एवढं त्याला उमगलं. तो उठून रेघेकडे पुन्हा गेला नाही.

मा सूची एक विनंती होती. नवऱ्याची बोली आता भिवाच्या तोंडी होती, तिच्यातलं एखादं वाक्य तिला ऐकायचं होतं. शमाताईंनी फोन जमिनीवरून आत सरकवला. माणसं पोचत नव्हती, फोन पोचला.

भिवानं तो दोन्ही हातांनी उचलला. त्याला म्हणायचं होतं, बाय, तुजा मानूस बरा हाय, ताक मागतो म्हंजे भूक लागते त्याला. तेवढंच. पण निघालं ते फार लांबलं. थांबवावं म्हटलं तरी थांबेना. शेवटी आपोआप संपलं.

कुणी हसलं नाही. हवालदारांची पेन्सिल वहीवर टेकलेलीच राहिली.

भिवानं हातानं विचारलं, मी काय बोललो?

वनितानं चपला काढल्या आणि रेघ ओलांडली. ती दुसरीकडून बाहेर पडली नाही. येऊन त्याच्या शेजारी बसली. तिच्यामागून शमाताई आल्या, बुवा आले, खेडेकर, तबलजी, शहाळेवाला, बसची वाट बघणाऱ्या बायका. सगळे बसले. कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. चौक रिकामा झाला. बाहेर चपलांचा ढीग आणि हवालदार सावंतदेसाई तेवढे उरले.

हवालदारांनी टोपी काखेत धरली, वाकून बुटांचे बंद सोडले.

"आत जागा आहे का?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी भिवाकडे पाहिलं. भिवानं तोंड उघडलं.